पद्मावत (२०१८) : प्रेक्षकांचे प्रतिसाद

संजय लीला भन्साळी दिग्दर्शित ‘पद्मावत’ या हिंदी चित्रपटाला २०१७–१८ या काळात मिळालेला प्रतिसाद हा भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील एक गाजलेला आणि बराच गुंतागुंतीचा अध्याय आहे. चितोडची राणी पद्मिनी आणि दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी यांची मध्ययुगीन आख्यायिका या चित्रपटाने त्रिमितीत आणि आयमॅक्सच्या पडद्यावर मांडली. दीपिका पदुकोण (पद्मावती), शाहीद कपूर (रतनसिंह) आणि रणवीर सिंग (खिलजी) यांच्या प्रमुख भूमिका होत्या. निर्मितीचा खर्च १८० ते २०० कोटी रुपयांच्या दरम्यान सांगितला जातो. १ डिसेंबर २०१७ ही प्रदर्शनाची ठरलेली तारीख हुकली आणि चित्रपट २५ जानेवारी २०१८ रोजी पडद्यावर आला.

प्रतिसादाचे सरळ दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात चित्रपट जवळजवळ कोणीही पाहिलेला नव्हता आणि विरोध टोकाचा होता. दुसऱ्या टप्प्यात तो लोकांनी पाहिला, आणि आक्षेप आले ते नेमके उलट्या बाजूने. पहिल्यांना भीती होती की राणीचा मान राखला जाणार नाही. दुसऱ्यांची तक्रार होती की तिच्या मरणाचा नको इतका गौरव झाला.

आख्यायिका

अलाउद्दीनने चितोडला वेढा घातला आणि १३०३ मध्ये गड घेतला, हा इतिहास आहे. कवी अमीर खुसरो या मोहिमेत सुलतानाबरोबर होता. त्याच्या वृत्तान्तात पद्मिनीचा स्पष्ट उल्लेख नाही. ती ठळकपणे येते ती त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीच्या १५४० च्या सुमाराच्या ‘पद्मावत’ या अवधी काव्यात. हे काव्य प्रेमाख्यान आहे. त्यात हिरामण नावाचा बोलका पोपट आहे, सिंहलद्वीपाची वाट आहे, जोगी होऊन निघालेला राजा आहे. चितोड म्हणजे देह, राजा म्हणजे मन, पोपट म्हणजे गुरू आणि अलाउद्दीन म्हणजे माया, असा या कथेचा रूपकार्थ लावणाऱ्या ओळी काही हस्तलिखितांत सापडतात; अभ्यासक त्या मागाहून घातलेल्या मानतात.

पुढे कथा हातोहात फिरली. राजस्थानी कवींनी गोरा-बादल या वीरांना पुढे आणले, फार्सी इतिहासकारांनी तिला इतिहासाच्या ओळीत बसवले, सतराव्या शतकात आराकानच्या दरबारात आलाओल या कवीने ती बंगालीत नेली. १८२९ मध्ये जेम्स टॉड या ब्रिटिश अधिकाऱ्याने राजस्थानच्या इतिहासात तिला जे रूप दिले, तेच शाळेच्या पुस्तकांतून, नाटकांतून आणि चित्रकथांतून घराघरांत पोहोचले. बहुतेक प्रेक्षकांच्या मनात होती ती ही टॉडची पद्मिनी. जायसीची फार थोड्यांनी वाचली होती. पुढे जो वाद झाला त्यात ‘मूळ कथा’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असला, तरी प्रत्येकाची मूळ कथा वेगळी होती.

राजपूत समाजासाठी, त्यातही मेवाडात, ही नुसती गोष्ट नाही. चितोडगडावर जौहराच्या, म्हणजे शत्रूच्या हाती पडण्याआधी स्त्रियांनी केलेल्या सामूहिक अग्निप्रवेशाच्या, स्मरणार्थ जौहर मेळा भरतो आणि पद्मिनीकडे कुळाची पूर्वज म्हणून पाहिले जाते. एखाद्या व्यक्तीला इतिहासात पुरावा नाही म्हणून तिच्याविषयीची श्रद्धा खोटी ठरत नाही, हे इतिहासाच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांनी लक्षात घेतले नाही.

प्रदर्शनापूर्वीचा विरोध

ठिणगी पडली ती एका दृश्याच्या अफवेवरून. स्वप्नात का होईना, खिलजी आणि पद्मावती यांचा प्रणयप्रसंग चित्रपटात आहे, असे बोलले जाऊ लागले. निर्मात्यांनी वेळोवेळी इन्कार केला. प्रत्यक्ष चित्रपटात तसे काही नव्हते. या दोन पात्रांचा एकत्र असा प्रसंगच त्यात नाही, आणि आरशातले दर्शनसुद्धा क्षणभराचे व धूसर ठेवले आहे. पण तोवर २७ जानेवारी २०१७ रोजी जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यावर श्री राजपूत करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी चित्रीकरण बंद पाडून दिग्दर्शकाला मारहाण केली होती. चित्रीकरण कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर आले, तर तिथला सेट मार्चमध्ये रात्री पेटवला गेला आणि पोशाख जळाले. त्याच महिन्यात चितोडगडावरच्या पद्मिनी महालातले आरसे फोडण्यात आले. सुलतानाने राणीचे प्रतिबिंब इथेच पाहिले, असे पर्यटकांना ते आरसे दाखवून सांगितले जात असे. राग आता चित्रपटापुरता राहिला नव्हता. कथेतल्या ज्या भागाने मानहानी होते असे वाटत होते, तो भाग पुसून टाकण्यापर्यंत तो गेला होता.

करणी सेनेला हे नवे नव्हते. २००८ मध्ये ‘जोधा अकबर’च्या वेळी तिच्या विरोधामुळे तो चित्रपट राजस्थानात लागू शकला नव्हता. मराठी वाचकाला या दिग्दर्शकाच्या आधीच्या ‘बाजीराव मस्तानी’ची (२०१५) आठवण यावी. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात यावर पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला होता आणि पुण्यात काही खेळ रद्द करावे लागले होते. ‘पद्मावत’मधल्या ‘घूमर’ या नृत्यगीतावरचा आक्षेप हुबेहूब त्याच जातीचा होता: घरंदाज राणी अशी नाचणार नाही, नाचलीच तर जनान्यात नाचेल, आणि कमर उघडी टाकून तर नाहीच. भन्साळींना राजघराणे म्हटले की झुंबरे, जरी आणि समूहनृत्य दिसते. वंशजांना मर्यादा दिसते. दोन्ही पाहणी आपापल्या जागी खरी आहेत, आणि म्हणूनच तडजोड अवघड होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रकरण हाताबाहेर गेले. नायिकेचे नाक कापण्याची धमकी आली. हरियाणातल्या एका राजकीय पदाधिकाऱ्याने नायिकेच्या आणि दिग्दर्शकाच्या शिरासाठी १० कोटी रुपयांचे इनाम बोलून दाखवले. निर्मात्यांनी काही निवडक पत्रकारांना चित्रपट दाखवला. हा तर राजपुतांचा गौरवच आहे, असे त्यांनी सांगितल्याने विरोध निवळला तर नाहीच, उलट प्रमाणपत्राआधीच खेळ केला म्हणून सेन्सॉर मंडळाचे अध्यक्ष प्रसून जोशी नाराज झाले. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबरला, मंडळाचा निर्णय व्हायचा असताना जबाबदार पदांवरील व्यक्तींनी चित्रपटावर मते देऊ नयेत, असे सुनावले.

मंडळाने राजघराण्याशी आणि इतिहासाशी संबंधित तिघांचे खास मत घेतले आणि ३० डिसेंबरला यू/ए प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा केला. अटी पाच; त्यांतल्या मुख्य अशा. ‘पद्मावती’ हे नाव बदलून ‘पद्मावत’ करायचे, म्हणजे आधार काव्याचा आहे, इतिहासाचा नाही, हे दिसावे; सूचनांमध्येही तसे म्हणायचे; सतीप्रथेचे उदात्तीकरण नसल्याचे लिहायचे; घूमरच्या दृश्यांत बदल करायचे. यातून नायिकेची कमर संगणकाच्या साहाय्याने झाकण्यात आली आणि गाणे नव्या रूपात पुन्हा आले. आधीची आवृत्ती लाखो लोकांनी पाहिलेली असल्याने दोन्ही शेजारी लावून बघण्याचा उद्योग बराच चालला. नावातल्या बदलाने मात्र एक विचित्र गोष्ट झाली. चित्रपटाने काव्याचे नाव घेतले, पण काव्यातले फारसे काही घेतले नाही. पोपट गेला. राजा पद्मावतीला भेटतो तो सिंहलच्या रानात, शिकारीत तिचा बाण चुकून त्याला लागतो तेव्हा.

इतके होऊनही राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि हरियाणा या राज्यांनी बंदीची भूमिका घेतली. १८ जानेवारी २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने या आदेशांना स्थगिती दिली. कायदा-सुव्यवस्था राखणे हे राज्याचे काम आहे. ते कठीण जाईल म्हणून प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट अडवता येत नाही, हा त्यामागचा विचार. कागदावर निकाल स्पष्ट होता. रस्त्यावर अहमदाबादेत मॉलबाहेर जाळपोळ झाली आणि २४ जानेवारीला गुरुग्राममध्ये शाळेच्या बसवर दगडफेक झाली. बसच्या फरशीवर दबून बसलेल्या मुलांचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि आंदोलनाविषयी उरलीसुरली सहानुभूतीही ओसरली. मल्टिप्लेक्स-मालकांनी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोवा या राज्यांत चित्रपट न लावण्याचे ठरवले. म्हणजे न्यायालयाने बंदी उठवली आणि बऱ्याच ठिकाणी ती तरीही राहिली.

देशाबाहेरचा अनुभव वेगळाच. ब्रिटनच्या मंडळाने एकही काट न मारता प्रमाणपत्र दिले होते. पाकिस्तानातही तो न कापता लागला. मलेशियाने बंदी घातली, पण कारण खिलजीचे चित्रण: मुस्लिम शासक असा दाखवणे तिथल्या लोकांच्या भावनांना रुचणार नाही, असे तिथल्या मंडळाला वाटले.

पडद्यावरचा खिलजी

चित्रपट पाहून आलेल्यांनी सर्वांत जास्त चर्चा केली ती राणीची नव्हे, खिलजीची. रणवीर सिंगचे कच्च्यासारखे मांस ओरबाडणे, काजळलेले डोळे, ‘खलीबली’वरचा अंगात आल्यासारखा नाच यांनी शाहीद कपूरचा संयमी रतनसिंह झाकोळून गेला, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य केले. रतनसिंह उसूलांवर भाषणे देतो. खिलजी काहीतरी करत असतो. सिनेमात करणारा जिंकतो. रणवीरला या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा समीक्षक-पुरस्कार मिळाला.

इतिहासाच्या जाणकारांची हरकत होती ती या रानटीपणाला. इतिहासातला अलाउद्दीन क्रूर होता, काकाचा खून करून तख्तावर बसला होता. पण बाजारभाव बांधून देणारा, मंगोलांच्या स्वाऱ्या परतवणारा, काटेकोर कारभार करणारा सुलतानही तोच. आपल्याकडे तो १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेला आक्रमक म्हणून माहीत आहे, तेव्हा त्याच्याविषयी प्रेम असण्याचे कारण नाही. तरीही दिल्लीच्या दरबारात कोणी धडपणे जेवत नव्हते, असे मानायला आधार नाही. राजपूत उजेडात, सोनेरी. खिलजीचे लोक काळ्या-हिरव्या अंधारात, अशी रंगयोजना आणि तिच्यातून मध्ययुगाचे आजच्या राजकारणाला सोयीचे चित्र उभे राहते, ही टीका अनेक समीक्षकांनी केली. ती मला बिनतोड वाटते, कारण प्रकाशाची निवड कुठल्याही दंतकथेने दिग्दर्शकावर लादलेली नव्हती.

खिलजीचा गुलाम-सरदार मलिक काफूर याच्या चित्रणावर मते फुटली. जिम सर्भने रंगवलेला काफूर सुलतानावर उघड लुब्ध आहे आणि ‘बिन्ते दिल’ हे गाणे त्याच्याच तोंडी आहे. काहींना मुख्य प्रवाहात अशी आसक्ती इतक्या ठसठशीतपणे आल्याचे अप्रूप वाटले. समलिंगी आकर्षण पुन्हा खलनायकाच्याच खात्यावर मांडले गेले, असे इतरांचे म्हणणे.

जौहराचे दृश्य

शेवटची दहा-पंधरा मिनिटे हा सगळ्या वादाचा खरा गाभा. लाल पोशाखातल्या शेकडो स्त्रिया संथ गतीने, संगीताच्या चढत्या लाटेवर, ज्वाळांकडे चालत जातात. त्यांत एक गर्भवती आहे, एक लहान मुलगी आहे. इतर स्त्रिया धगधगते निखारे फेकून खिलजीला रोखतात आणि दरवाजे त्याच्या तोंडावर बंद होतात. तंत्र म्हणून हे दृश्य निर्दोष आहे, आणि अडचण तीच आहे. पाहणाऱ्याला हळहळ वाटण्याऐवजी विजय वाटतो.

अभिनेत्री स्वरा भास्कर यांनी २७ जानेवारीच्या सुमारास दिग्दर्शकाला लिहिलेल्या जाहीर पत्रात हाच मुद्दा घेतला: बलात्कारानंतरही स्त्रीला जगण्याचा हक्क आहे, आणि चित्रपटाने तिची किंमत तिच्या शरीरापुरती केली. पत्राच्या भाषेवरून त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली गेली. चित्रपटातल्या कलावंतांनी उत्तर दिले की कथा त्या काळातली आहे आणि सुरुवातीला सूचना दिलेली आहे. सूचनेचा बचाव लंगडा होता: दोन ओळींची पाटी पंधरा मिनिटांच्या संगीताला पुरी पडत नाही. राजस्थानातल्या रूप कंवर या तरुणीच्या सती-प्रकरणानंतर १९८७ मध्ये सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध कायदा करावा लागला, त्या राज्याच्या संदर्भात हा प्रश्न नुसता सौंदर्यशास्त्राचा नव्हता. दुसरीकडे, अनेक स्त्री-प्रेक्षकांनाही या दृश्याने भारावले, आणि त्या भारावण्याला मागासलेपणा म्हणून निकालात काढणे टीकाकारांना सोपे गेले. युद्धात हरलेल्या गडावरच्या स्त्रीपुढे दुसरा कोणता मार्ग होता, हा या स्त्री-प्रेक्षकांचा प्रश्न उत्तरावाचून राहिला.

जायसीचा शेवट इथे आठवावा. त्याच्या काव्यात राजा अलाउद्दीनच्या हातून मरतच नाही; कुंभलनेरच्या देवपालाशी झालेल्या द्वंद्वात पडतो. दोन्ही राण्या सती जातात आणि सुलतान पोहोचतो तेव्हा राख उरलेली असते. ‘छार उठाइ लीन्ह एक मूठी। दीन्ह उड़ाइ पिरिथिमी झूठी॥’ मूठभर राख उचलून तो उधळतो आणि जग खोटे म्हणतो. जिंकलेल्याच्या हाती काहीच लागले नाही, यावर कवीचा भर आहे. चित्रपटातही त्याच्या हाती काही लागत नाही, पण तिथे कॅमेरा राखेपर्यंत थांबत नाही, ज्वाळांवरच थांबतो.

गल्ला आणि पडसाद

काही राज्ये हातची गेली असतानाही चित्रपटाने देशात सुमारे ३०० कोटींचा निव्वळ गल्ला जमवला आणि जगभरात ५५० कोटींचा टप्पा ओलांडला. वादाने प्रसिद्धी दिली असे सर्रास म्हटले जाते. पण नुसत्या कुतूहलावर आठवडेच्या आठवडे खेळ चालत नाहीत. राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत-दिग्दर्शन, पार्श्वगायन (अरिजित सिंग, ‘बिन्ते दिल’) आणि नृत्यरचना (‘घूमर’) असे तीन मान मिळाले. ज्या नृत्याने वाद पेटला, त्यालाच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला करणी सेनेच्या एका गटाने, चित्रपटात राजपुतांचा गौरवच असल्याचे सांगून आंदोलन मागे घेतल्याचे पत्रक काढले. मुख्य संघटनेने ते आपले नसल्याचे म्हटले.

या प्रकरणानंतर ऐतिहासिक चित्रपटांच्या आरंभी लांबलचक सूचना आणि वंशजांची आधी परवानगी घेणे हे नित्याचे झाले. २०२२ मध्ये करणी सेनेच्या मागणीवरून ‘पृथ्वीराज’ या चित्रपटाचे नाव प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी ‘सम्राट पृथ्वीराज’ करण्यात आले. त्या वेळी कोणी सेट जाळला नाही, राज्यांनी बंदी घालण्याऐवजी करमाफी दिली, आणि प्रेक्षकांनी चित्रपटाकडे पाठ फिरवली.