एकरकमी हाल की हप्त्यांनी? ग्रँड पोर्टेज आणि कॅमिनिस्टिक्वा

कॅनडातल्या फरच्या व्यापाराबद्दल काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं : नॉर्थ वेस्ट कंपनी या फर व्यापारी कंपनीने १८०३ मध्ये आपलं ठाणं ग्रँड पोर्टेजहून फोर्ट विल्यमला हलवलं. वाचून वाटतं, दुकान या गल्लीतून पलीकडच्या गल्लीत गेलं. प्रत्यक्षात वाटच बदलली होती.

लेक सुपिरियरच्या वायव्य किनाऱ्यावरून आत शिरायला दोन जलवाटा होत्या. एक पिजन नदीची, म्हणजे ग्रँड पोर्टेजची. दुसरी तिच्या उत्तरेला, कॅमिनिस्टिक्वा नदीची, म्हणजे फोर्ट विल्यमची. (तिथले लोक तिला नुसतं 'कॅम' म्हणतात, मीही तेच म्हणणार.) दोन्ही वाटांची तोंडं साठेक किलोमीटरच्या अंतरावर, दोन्ही पुढे लॅक ला क्रोआ या तलावात मिळतात आणि तिथून एकत्रच रेनी लेककडे जातात. दोन्हींवर कंपनी एकच, माल एकच, नावाडीही तेच. मग गोंधळ होणारच.

पोर्टेज म्हणजे धबधबा किंवा खडकाळ प्रवाह आडवा आला की कनू (हलकी, वल्हवायची होडी) आणि माल अंगावर घेऊन चालायची वाट. पिजन नदी सरोवराला मिळण्यापूर्वी अशी काही कोसळते की तिच्या खालच्या भागात कनू घालण्यात अर्थच नाही. म्हणून किनाऱ्यापासून थेट वरच्या अंगाला, फोर्ट शार्लटपर्यंत, सुमारे १३.७ किलोमीटर चालायचं. ओजिब्वे या तिथल्या मूळच्या लोकांची ही जुनी वाट. तिला ते गिची-ओनिगामिंग म्हणतात, फ्रेंचांनी त्याचाच अर्थ उचलून 'ग्रँड पोर्टेज' केलं.

इथे जरा थांबतो, कारण नकाशावर ही वाट बोटभरही दिसत नाही. मालाचा एक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे ४१ किलोंच्या आसपास. पहिला गठ्ठा पाठीवर कंबरेच्या वर टेकवायचा आणि त्याला बांधलेला कातडी पट्टा कपाळावर घ्यायचा. दुसरा गठ्ठा त्यावर, मानेलगत. मग वाकून, लुटूलुटू धावल्यासारखी चाल. गठ्ठे टेकून दम खायच्या जागा ठरलेल्या होत्या, नावाडी त्यांना 'पोझ' म्हणत. या वाटेवर अशा १६ पोझ मोजल्या जात. मॉन्ट्रियलहून आलेल्या प्रत्येक नावाड्याने आठ गठ्ठे पलीकडे पोचवायचे हे करारातच होतं. दोन-दोन करत चार खेपा, म्हणजे नुसतं ओझ्याखालचं चालणंच ५५ किलोमीटर! आठाच्या वर न्यायचे असतील तर गठ्ठ्यामागे एक स्पॅनिश डॉलर.

कॅमच्या वाटेवर सुरुवातीलाच असा डोंगर अंगावर येत नाही. फोर्ट विल्यमचा किल्ला नदीच्या मुखाजवळच, माल तिथेच छोट्या कनूंत भरायचा आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवत निघायचं. मग सुमारे ४० मीटर उंचीचा काकाबेका धबधबा आडवा येतो, त्याला वळसा. पुढे डॉग लेकला चढायला पुन्हा खडी चढण. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आणखी हाल. ग्रँड पोर्टेज हाल एकरकमी वसूल करायचं, कॅम हप्त्यांनी. आणि हप्त्यांत व्याज धरलं तर माझ्या मते कॅमचं बिल मोठं होतं : वाट लांबही होती आणि कटकटीचीही.

मग चांगली वाट का सोडली? राजकारणामुळे. १७८३ च्या पॅरिस तहानंतर ग्रँड पोर्टेज अमेरिकेच्या हद्दीत जाणार हे दिसू लागलं. कंपनी मॉन्ट्रियलची, ब्रिटिश झेंड्याखालची. उद्या अमेरिकन जकातदार किनाऱ्यावर बसला तर? पर्याय शोधताना १७९८ मध्ये कंपनीच्या रॉडरिक मॅकेन्झीला कॅमची वाट सापडली.

'सापडली' म्हणायचं खरं, पण लोकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कॅम ही नंतरची वाट नाही. जाक द न्वायों हा फ्रेंच माणूस १६८८ मध्येच तिच्यावरून रेनी लेककडे गेला होता. ला व्हेराँद्री हा फ्रेंच शोधप्रवासी १७३१ मध्ये ग्रँड पोर्टेजला पोचला तेव्हा पुढची चाल पाहून त्याच्या माणसांनी बंडच केलं. त्याने भाच्याला थोडक्या लोकांनिशी पुढे पाठवलं आणि बाकीच्यांना घेऊन हिवाळा काढला तो कॅमच्या मुखाशी! पुढे सगळी वर्दळ ग्रँड पोर्टेजवर गेली आणि व्यापारी कॅमला विसरले. ओजिब्वे अर्थातच विसरले नव्हते.

दोन्ही ठिकाणी जुलैतला जमाव मात्र सारखाच. मॉन्ट्रियलहून ११ मीटर लांबीच्या मोठ्या कनू माल घेऊन यायच्या, आतल्या मुलखातून साडेसात मीटरच्या छोट्या कनू बीव्हरची कातडी आणायच्या, आणि इथे अदलाबदल. मोठी कनू याच्या पुढे जात नसे. आत हिवाळा काढणारे नावाडी मॉन्ट्रियलवाल्यांना 'डुकराची चरबी खाणारे' म्हणून हिणवत. नव्या ठाण्याला फोर्ट विल्यम हे नाव १८०७ मध्ये, कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकगिलिव्रे यांच्यावरून मिळालं. आज थंडर बे शहरात पर्यटकांना दाखवतात तो किल्ला मूळचा नव्हे. मूळ जागेवर रेल्वेचं यार्ड झालं, हा नंतर नदीच्या वरच्या अंगाला नव्याने बांधलेला आहे. ग्रँड पोर्टेजची वाट मात्र जुन्याच मार्गाने अजून चालता येते.

सरहद्दीचा घोळ पुढेही चालूच राहिला. १७८३ च्या तहाने सरहद्द ज्यातून नेली होती त्या 'लाँग लेक'ला नेमकं काय म्हणायचं, यावर १८२० च्या दशकात वाद पेटला. अमेरिकेने थेट कॅम नदीवर बोट ठेवलं, म्हणजे फोर्ट विल्यमच सरहद्दीवर! ब्रिटनने उलट दक्षिणेची सेंट लुई नदी मागितली. १८४२ च्या तहात पिजन नदीवर तडजोड झाली, आणि त्याच तहात ग्रँड पोर्टेजची वाट दोन्ही देशांच्या लोकांना खुली ठेवायचं कलम घातलं गेलं. पण तोवर नॉर्थ वेस्ट कंपनी १८२१ मध्येच हडसन बे कंपनी या प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन झाली होती आणि माल हडसनच्या उपसागरावरून, तिथल्या यॉर्क फॅक्टरी या ठाण्यामार्गे जाऊ लागला होता. जकातीच्या भीतीने सोडलेली वाट मोकळी झाली, तेव्हा तिथे गठ्ठे उचलायला फारसं कुणी उरलं नव्हतं.