झँगिफचा निकाली डाव

'स्ट्रीट फायटर' या लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये झँगिफसमोर उभं राहणाऱ्याला एकच धास्ती असते. हा गडी हाताच्या अंतरावर आला, आपले पाय जमिनीवर असले आणि त्याचा सुपरचा, म्हणजे राखून ठेवलेल्या निकाली डावाचा, मीटर भरलेला असला, की संपलं. लाल चड्डीतला, छातीभर केस आणि अंगभर व्रण असलेला हा रशियन मल्ल कमरेला विळखा घालतो, मागच्या मागे वाकून सुप्लेक्स मारतो, पकड न सोडता दुसरा मारतो, मग समोरच्याला उलटं धरून गरगर फिरत वर जातो आणि डोक्यावर आपटतो. या डावाचं नाव 'फायनल ॲटॉमिक बस्टर'. १९९४ साली तो पहिल्यांदा दिसला. पुढे नावं बदलली, कॅमेरे बदलले, पण आधी सुप्लेक्स आणि शेवटी फिरता पाइलड्रायव्हर, म्हणजे उलटं धरून डोक्यावर आपटणं, हा क्रम आजवर टिकला आहे.

लढतीच्या खेळांत ठोसा अडवता येतो, लाथ अडवता येते, आगीचा गोळाही अडवता येतो. पकड मात्र अडवता येत नाही. ब्लॉक धरून उभ्या असलेल्यालाच तर पकडायचं असतं. मग असा डाव फुकटात दिला, तर खेळच बिघडणार. म्हणून हा गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या मंडळींनी त्याची किंमत खेळाडूच्या मनगटाकडून वसूल केली. या डावाचा इतिहास बराचसा त्या किमतीचाच इतिहास आहे. पण आधी हा मल्ल कुठून आला ते पाहू.

१९८९. सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह यांचा काळ. सरकारी खर्चावर तयार झालेले हौशी कुस्तीगीर पहिल्यांदाच परदेशात पैशासाठी लढायला मोकळे झाले होते. जपानच्या न्यू जपान प्रो-रेसलिंगने ही संधी अचूक हेरली आणि त्या वर्षी २४ एप्रिलला टोकियो डोममधल्या पहिल्यावहिल्या कुस्ती कार्यक्रमात सोव्हिएत मल्ल उतरवले. त्यांच्यातला सर्वांत नामांकित सलमान हाशिमिकोव्ह. हा चेचेन मल्ल फ्रीस्टाइलचा अनेकदा विश्वविजेता झालेला होता, आणि महिनाभरातच त्याने बिग व्हॅन व्हेडरला हरवून कंपनीचा मुख्य किताबही पटकावला. त्याच ताफ्यात व्हिक्टर झांगिएव्ह नावाचा मल्ल होता. दोन वर्षांनी आलेल्या व्हिडिओ गेममधल्या रशियन पैलवानाला त्याचंच आडनाव मिळालं. आराखड्याच्या टप्प्यावर या पात्राचं नाव 'वोडका गोबाल्स्की' होतं. ते गळालं हे बरंच झालं.

हे सगळं जपानमध्ये इतकं रुजण्यामागे एक जुना वस्ताद आहे, आणि इथे गोष्ट थोडी आपल्या अंगणात येते. कार्ल गॉच. बेल्जियममध्ये जन्मलेला चार्ल्स इस्ताझ. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो बेल्जियमकडून कुस्ती लढला. याच ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव फ्लायवेट गटात सहावे आले होते. नंतर गॉच इंग्लंडमधल्या विगन इथल्या बिली रायलीच्या तालमीत घडला आणि पुढे जपानमध्ये 'कुस्तीचा देव' म्हणून ओळखला गेला. ६ मार्च १९७२ला अँटोनियो इनोकीने न्यू जपानचा पहिला कार्यक्रम केला, तेव्हा शेवटची लढत इनोकी विरुद्ध गॉच अशी होती. ती गॉचने जिंकली.

गॉचने जपानला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे जर्मन सुप्लेक्स. मागून कमरेला कवळी घालायची, उचलायचं, स्वतः धनुष्यासारखं मागे वाकायचं आणि समोरच्याचे खांदे जमिनीला टेकवून पूल करून तसंच थांबायचं. झँगिफच्या निकाली डावाचा पहिला अर्धा भाग हाच. दुसरी गोष्ट मेहनतीची. गॉचच्या हाताखाली मुलांना जोर, बैठका आणि मुद्गल करावे लागत, आणि तेही शेकड्यांनी. जपानी कुस्तीच्या वर्गात बैठकांना आजही 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात. कोल्हापूरच्या तालमीतलं पोर तिथे गेलं, तर सकाळची मेहनत तरी त्याला नवखी वाटणार नाही.

आता कॅपकॉमकडे. १९८९मध्येच त्यांचा 'फायनल फाइट' आला. सुरुवातीला त्याचं नाव 'स्ट्रीट फायटर ८९' ठेवायचं घाटत होतं. त्यात माईक हॅगर नावाचा महापौर आहे, पूर्वाश्रमीचा पैलवान. शहरातल्या गुंडांना तो स्वतः बडवत फिरतो. हॅगर गुंडाला पकडून उडी मारतो आणि खाली येताना पाइलड्रायव्हर मारतो. दोन्ही हात पसरून भिंगरीसारखी गिरकी घेण्याची त्याची युक्तीही पुढे झँगिफकडे आली. याच खेळात अँडोर नावाचा धिप्पाड खलनायक आहे. आंद्रे द जायंटचा ठसा त्यात लपवण्याचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा ही याच खेळामागची जोडी १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'च्याही केंद्रस्थानी होती.

'फायनल फाइट'मध्ये पाइलड्रायव्हर मारायला काहीच अवघड नव्हतं, कारण समोर माणूस नव्हता, संगणक होता. 'स्ट्रीट फायटर २'मध्ये शेजारच्या जॉयस्टिकवर जिवंत प्रतिस्पर्धी आला. झँगिफच्या 'स्पिनिंग पाइलड्रायव्हर'साठी जॉयस्टिक एक पूर्ण वर्तुळ फिरवायची आणि ठोशाचं बटण दाबायचं असं ठरलं. खेळाडू याला नुसतं 'थ्री-सिक्स्टी' म्हणतात.

ऐकायला सोपं, पण यात एक खोच आहे. वर्तुळात 'वर' ही दिशाही येते, आणि 'वर' म्हणजे उडी. काठी वर जाताच झँगिफ उडी घ्यायला लागतो आणि पकड हुकते. वाट दोन गोष्टींतून निघते. पाय जमिनीवरून प्रत्यक्ष सुटायला काही फ्रेम लागतात, एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. शिवाय वर्तुळ शेवटपर्यंत घासावं लागत नाही, पाऊण फिरलं तरी बहुधा भागतं. म्हणजे काठी वरच्या दिशेला पोचतेय त्याच क्षणी बटण दाबलं, तर उडीच्या आत पकड लागते. दुसरी युक्ती म्हणजे वर्तुळ लपवणं. उडी मारून येताना हवेतच काठी फिरवायची, किंवा एक हलका ठोसा मारायचा आणि तो संपेस्तोवर फिरवून घ्यायची. समोरचा तो ठोसा अडवून निवांत होतो आणि पुढच्या क्षणी अस्मान बघतो.

या कष्टांच्या बदल्यात पकडीचा पल्ला मोठा मिळाला. पडद्यावर झँगिफचा हात पोचलेला दिसत नसताना माणूस ओढला जातो. हे अन्यायकारक वाटतं, पण आहे ते योग्यच. आगीचे गोळे चुकवत अख्खं मैदान ओलांडून आलेल्या जड पैलवानाला एवढं तरी मिळायला हवं.

कथानकातही सोव्हिएत रंग भरपूर होता. कारखान्यातली लढत, जमिनीवर विळा-हातोडा, भोवती कामगार, आणि शेवटी हेलिकॉप्टरमधून उतरलेले हुबेहूब गोर्बाचेव्ह झँगिफसोबत कोसॅक नाच करतात. त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. झँगिफ मात्र नोकरीवर राहिला.

'सुपर' या कल्पनेचा मान कॅपकॉमकडे जात नाही. १९९२मध्ये एसएनके कंपनीच्या 'आर्ट ऑफ फायटिंग'ने आणि पाठोपाठ 'फेटल फ्युरी २'ने नेहमीच्या डावांपेक्षा भारी, राखून ठेवायचे डाव आणले. कॅपकॉम त्यावर १९९४मध्ये आली, 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो'मधून. पडद्याच्या तळाशी मीटर आला, आणि तो भरला की प्रत्येक पात्राला एक निकाली डाव मिळाला. बहुतेकांचे सुपर म्हणजे ओळखीच्याच डावाची लांबवलेली आवृत्ती. झँगिफच्या बाबतीत किंमतही दुप्पट केली: एकाऐवजी दोन वर्तुळं. सातशे वीस अंश.

उभ्या उभ्या दोन वर्तुळं फिरवून उडी न मारता पकड लावणं हे आजही भल्याभल्यांना दर वेळी साधत नाही. त्यामुळे 'फायनल ॲटॉमिक बस्टर' जवळजवळ नेहमी कशाच्या तरी आडोशाने येतो, आणि समोरचा जाणकार असेल तर त्याला तो आडोसाही ओळखता येतो. याच खेळात साध्या थ्रोमधून अंग सोडवून घेण्याची सोय आली, पण झँगिफच्या वर्तुळवाल्या पकडींना ती लागू नव्हती.

अखेरचा फटका पाइलड्रायव्हरचा का, हे खऱ्या रिंगणाकडे पाहिलं की कळतं. समोरच्याचं डोकं आपल्या मांड्यांमध्ये, पाय वर, आणि दोघांचं वजन मानेवर. चुकीला जागाच नाही. ३ ऑगस्ट १९९७ला डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी कंपनीच्या समरस्लॅममध्ये ओवेन हार्टच्या पाइलड्रायव्हरने स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली आणि पुढे त्या कंपनीने या डावावर जवळपास बंदीच आणली. अपवाद राहिला तो मुख्यतः अंडरटेकर आणि केन यांच्या 'टूमस्टोन'चा, जो आपल्याकडे केबलच्या जमान्यात घराघरांतल्या गाद्यांवर (आईचा डोळा चुकवून) करून बघितला गेला. खऱ्या रिंगणात जे करायला मल्ल धजत नाहीत, ते गेममध्ये शंभर फूट उंचीवरून बिनधास्त करता येतं.

झँगिफच्या वाटेने पुष्कळजण गेले. 'व्हर्च्युआ फायटर'च्या वुल्फने जायंट स्विंग आणला, 'टेक्केन'च्या जॅग्वारच्या मुखवट्यातल्या किंगने एकामागून एक जोडलेल्या पकडींची माळ आणली. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत 'किंग ऑफ फायटर्स ९७'ची चलती होती, त्यामुळे इथल्या अनेकांची ग्रॅप्लरशी, म्हणजे पकडींवर खेळणाऱ्या पात्राशी, पहिली गाठ क्लार्कशी पडली, झँगिफशी नाही. खुद्द कॅपकॉमने 'स्ट्रीट फायटर ३'मध्ये झँगिफला घरी बसवलं आणि १९९७मध्ये आधी ॲलेक्स, मग ह्यूगो आणला. ह्यूगो म्हणजे त्या अँडोरचाच वारस. त्याचा 'गिगास ब्रेकर'ही दोन वर्तुळांचाच, आणि बसला तर समोरच्याच्या आयुष्यपट्टीचा एवढा मोठा लचका तोडतो की प्रेक्षक आधीच उभे राहतात.

२००८च्या 'स्ट्रीट फायटर ४'मध्ये झँगिफ परतला, आणि माझ्या मते या डावाचं सर्वांत चतुर रूप इथलं आहे. सुपर म्हणून 'फायनल ॲटॉमिक बस्टर' राहिलाच, शिवाय 'अल्टिमेट ॲटॉमिक बस्टर' हा अल्ट्रा, म्हणजे स्वतःचा वेगळा मीटर असलेला दुसरा निकाली डाव, आला. वर्तुळं दोन, ठोशाची बटणं तिन्ही एकदम. अल्ट्राचा मीटर मार खाल्ल्यावर भरतो. झँगिफ मार खातच जवळ येतो, म्हणजे त्याला पिटाळून लावणारा खेळाडू स्वतःच्या हाताने त्याचा मीटर भरत असतो. अर्धा मीटर भरला की लढतीची हवा बदलते. जिंकत असलेला माणूस उगाच उड्या मारायला लागतो, कारण डाव सुरू झाल्याची झळाळी पडद्यावर दिसली त्या वेळी पल्ल्यात आणि जमिनीवर असलात, तर नंतर उडी मारून सुटका नाही. झँगिफचे कसलेले खेळाडू मग अल्ट्रा मारतच नाहीत. त्या उड्यांची वाट बघतात आणि हवेतच फटका देतात.

२०१६च्या पाचव्या भागात डावाचं नाव झालं 'बोल्शोई स्टॉर्म बस्टर'. २ जून २०२३ला आलेल्या सहाव्या भागातही तेच नाव तिसऱ्या पातळीच्या सुपरला आहे. झँगिफची जीवनपट्टी पाव किंवा त्याहून कमी उरली असेल, तर त्याचं आणखी जबर रूप दिसतं.

या सहाव्या भागात मात्र जुनी किंमत माफ झाली. 'मॉडर्न' नावाची सोपी नियंत्रणपद्धत निवडली, की खालची दिशा धरून दोन बटणं एकत्र दाबायची आणि काम झालं. वर्तुळ नाही, लपवाछपवी नाही, उभ्या उभ्या पकड. जुन्या खेळाडूंनी यावर नाकं मुरडली, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही: आडोसा लागत नसेल, तर समोरच्याला ओळखायला काही उरत नाही. पण दुखरं मनगट घेऊन खेळणाऱ्यालाही झँगिफ निवडता यावा, हेही तितकंच खरं. कॅपकॉमने मधला मार्ग काढला. सोप्या पद्धतीने मारलेल्या सुपरचा मार वीस टक्क्यांनी कमी. पूर्ण मार हवा असेल, तर मॉडर्नमध्येही काठी दोनदा फिरवावी लागते, १९९४मध्ये फिरवत होते तशीच.