हेडलाइट मंद होतात? कपॅसिटर हा इलाज नाही

गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंद झाले की ‘1 फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात देणारा भाग) बसवा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यावर पैसे घालवू नका. 14 व्होल्टवरून 12 वर उतरताना तो जेमतेम 26 जूल देतो. 1000 वॉट ओढणारा अँप्लिफायर ते सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागात संपवतो. शिवाय कपॅसिटर पुन्हा भरायचं ओझं अल्टरनेटरवरच, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीज जनित्रावरच.

आधी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, गाणं जोरात. बॅटरीचं निगेटिव्ह आणि बॉडी यांत अर्धा व्होल्ट दिसला तर दोष ग्राउंडचा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणाऱ्या जोडणीचा: बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, जाड तांब्याची वायर टाका. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. ग्राउंड ठीक, पण बॅटरीवरच 12 च्या खाली जातंय? मग अल्टरनेटर कमी पडतोय.