ब्लॉक दिसत नाही की मॉड्यूल सापडत नाही?

ग्नू रेडिओ म्हणजे रेडिओ सिग्नलवर सॉफ्टवेअरने काम करायची मोफत प्रणाली. तिच्यासाठी स्वतःचं मॉड्यूल (ब्लॉकचा संच) लिहिलं, ते बसवणारं ‘मेक इन्स्टॉल’ शेवटपर्यंत विनातक्रार गेलं, आणि तरी गाडी पुढे सरकत नाही. मदत मागणारा प्रत्येक जण मग एकच वाक्य बोलतो: “माझं मॉड्यूल सापडत नाही.” या एका वाक्यात दोन निरनिराळी दुखणी असतात. पहिलं, ग्नू रेडिओ कम्पॅनियनच्या (यापुढे जीआरसी; ब्लॉक ओढून, तारा जोडून प्रोग्रॅम बनवायची खिडकी) यादीत ब्लॉकच येत नाही, किंवा जुनी फाइल उघडली की त्याच्या जागी ‘मिसिंग ब्लॉक’ येऊन बसतो. दुसरं, ब्लॉक यादीत आहे, ओढून आणता येतो, तारा जोडल्या जातात, लाल काहीच नाही. पण रन दाबलं की खालच्या पट्टीत ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ किंवा ‘इम्पोर्ट एरर’. एकावरचं औषध दुसऱ्याला दिलं तर संध्याकाळ फुकट जाते.

उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं घेऊ. मुरगाव बंदरात ये-जा करणारी जहाजं आपली ओळख, जागा आणि वेग एआयएस या जहाजांच्या स्वयंचलित ओळख-यंत्रणेवरून सतत सांगत असतात: १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ, सेकंदाला ९६०० बिट. मधोमध १६२ वर एखादा आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत बसणारा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) लावला, दोनापावलाच्या बाजूला बरी अँटेना उभी केली, की शिकायला याहून चांगला सिग्नल नाही. एआयएसमध्ये पातळी बदलली तर ० आणि तीच राहिली तर १. ग्नू रेडिओचा डिफरेन्शियल डीकोडर नेमकं उलट सांगतो, म्हणून बिट उलटवावे लागतात. इथे एका बाइटमध्ये एकच बिट असतो, आणि तयार ‘नॉट’ ब्लॉक बाइटचे आठही बिट फिरवतो, ० चे २५५ करतो. तो इथे उपयोगाचा नाही. तेव्हा ‘नौका’ नावाचं मॉड्यूल काढून त्यात ‘उलट’ नावाचा इवलासा सी-प्लस-प्लस ब्लॉक लिहायचा. फर्मागुडीपासून वास्कोपर्यंतच्या कुठल्याही कॉलेजातल्या पोराला जमेल असं काम. अडतं ते नंतर.

“सर, ब्लॉक तर समोर दिसतोय, मग सापडत नाही असं कसं म्हणतो?”

प्रश्न रास्त आहे. जीआरसी यादी भरताना तुमच्या कोडकडे ढुंकूनही बघत नाही. ते फक्त ‘नौका_उलट.ब्लॉक.वायएमएल’ ही ब्लॉकचं वर्णन असलेली मजकुराची फाइल वाचतं. ब्लॉकचं नाव काय, इनपुट-आउटपुट किती, इम्पोर्टची ओळ कोणती, एवढंच तिच्यात असतं. जून-जुलैत मासेमारी बंद असली तरी मेनूकार्डावर इसवण छापलेली असतेच ना, तसंच. इम्पोर्टची ओळ खरी आहे का, हे रन दाबल्यावर, तयार झालेला पायथन प्रोग्रॅम वेगळा चालायला लागला की कळतं. त्या प्रोग्रॅमला वायएमएल फाइल ठाऊकच नसते.

म्हणून आधी टर्मिनलमध्ये पायथन उघडून हाताने इम्पोर्ट करून बघावं. ग्नू रेडिओ ३.१० मध्ये ‘फ्रॉम ग्नूरेडिओ इम्पोर्ट नौका’, ३.८ किंवा ३.९ मध्ये नुसतं ‘इम्पोर्ट नौका’. इम्पोर्ट झालं आणि ब्लॉक दिसत नसेल तर दुखणं वायएमएलच्या बाजूचं. ब्लॉक दिसतो आणि इम्पोर्ट होत नाही, तर पायथन किंवा लायब्ररीच्या बाजूचं.

वायएमएलची बाजू त्यातल्या त्यात सोपी. फाइल भलत्या फोल्डरात गेलेली असते, किंवा ती वाचताना जीआरसी अडखळलेलं असतं. सोर्सवरून बांधलेलं मॉड्यूल सहसा यूएसआर-लोकलमध्ये जातं, आणि ॲप्टने (डेबियन-उबुंटूचं पॅकेज बसवायचं साधन) बसवलेलं जीआरसी यूएसआरच्या खाली असतं. ‘जीआरसी ब्लॉक्स पाथ’ या व्हेरिएबलमध्ये योग्य फोल्डर दिलं की काम होतं. फाइल अडखळवत असेल तर जीआरसीच्या मेनूत ‘पार्सर एरर्स’ म्हणून खिडकी आहे, ती उघडा. ती कुणी उघडत नाही हीच खरी गंमत. मॉड्यूलचा सांगाडा बनवणाऱ्या जीआर-मॉडटूलने दिलेल्या साच्यातल्या भरायच्या जागा तशाच राहिलेल्या असतात, किंवा वायएमएलमध्ये ओळीच्या सुरुवातीला स्पेसऐवजी टॅब घुसलेला असतो, जो त्या भाषेला तिथे अजिबात चालत नाही. आणि सोर्स फोल्डरातली वायएमएल बदलून भागत नाही. पुन्हा इन्स्टॉल करायचं, मग जीआरसीत रिलोड. ३.७ च्या काळातलं मॉड्यूल असेल तर ब्लॉकची माहिती एक्सएमएलमध्ये असते; २०१९ मध्ये आलेल्या ३.८ पासून जीआरसी वायएमएलवर गेलं. त्यासाठी ‘जीआर-मॉडटूल अपडेट’ आहे.

दुसऱ्या बाजूला मात्र एररचा संदेश शब्दन् शब्द वाचावा लागतो.

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ म्हणजे पायथनला फोल्डरच मिळालं नाही. डेबियन-उबुंटूचा पायथन डिस्ट-पॅकेजेसमध्ये शोधतो आणि मॉड्यूल जाऊन बसलेलं असतं साइट-पॅकेजेसमध्ये, हे नेहमीचं. ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’ असा इम्पोर्ट एरर आला तर पायथनची बाजू बरोबर आहे. लिनक्सच्या लोडरला लिब-ग्नूरेडिओ-नौका ही लायब्ररी मिळालेली नाही. बहुतेक वेळा लोडरची यादी ताजी करणारं ‘सुडो एलडी-कॉन्फिग’ राहिलेलं असतं, एवढंच. ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ आणि पुढे अगम्य अक्षरांची शेपटी आली तर ती शेपटी सी-प्लस-प्लस-फिल्ट या कमांडला द्या, फंक्शनचं माणसाला वाचता येईल असं नाव मिळेल. हेडरमध्ये जाहीर केलेलं फंक्शन लिहायचं राहिलं, किंवा फाइल हाताने कॉपी केली आणि लिब फोल्डरातल्या सीमेकच्या (मॉड्यूल बांधायच्या साधनाच्या) यादीत तिचं नाव घातलं नाही, असं काहीतरी निघतं. ग्नू रेडिओ अपग्रेड करून मॉड्यूल पुन्हा न बांधल्यावरही हेच दिसतं.

सगळ्यात फसवा संदेश चौथा: ‘नौका मॉड्यूलला उलट नावाचा ॲट्रिब्यूट नाही’. इम्पोर्ट झालं, म्हणजे मॉड्यूल ठीक, असं वाटतं. पण जीआर-मॉडटूलने बनवलेली इनिट फाइल (इम्पोर्ट करताना पहिली चालते ती) उघडून बघा. सी-प्लस-प्लसचा भाग आणणारी ओळ ‘ट्राय’च्या आत आहे, आणि तो भाग मिळाला नाही तर खाली नुसतं ‘पास’ लिहिलंय. मॉड्यूल निव्वळ पायथनचं असेल तर चालावं म्हणून ही सोय. परिणाम असा की बाइंडिंगची, म्हणजे सी-प्लस-प्लस पायथनला जोडणारी फाइल बांधलीच गेली नसली तरी इम्पोर्ट निमूट पार पडतो आणि बोंब होते ब्लॉक वापरताना. इनिटमधली ती ओळ ‘ट्राय’च्या बाहेर, एकटीच चालवून बघितली की खरा संदेश पुढ्यात येतो. फाइल असूनही ब्लॉक मिळत नसेल तर ‘जीआर-मॉडटूल बाइंड’ पुन्हा चालवा. २०२१ च्या ३.९ पासून बाइंडिंग बनवणारं स्विग गेलं, त्याजागी पायबाइंड-११ आलं. तेव्हापासून हेडर बदलला की बाइंडिंग शिळं होतं, आणि सीमेक तसं सांगतंही. त्याचं ऐकावं.

दोन्ही दुखणी एकदम होतात ती मिश्र इन्स्टॉलेशनमुळे. उबुंटू २०.०४ बरोबर ३.८ येत होतं, २२.०४ बरोबर ३.१०. कुणी कधीतरी सोर्सवरून एक बसवलेलं, वर ॲप्टचं, त्यावर कोंडाचं (स्वतःचं वेगळं एन्व्हायर्नमेंट ठेवणारं पॅकेज-साधन). जीआरसी एका घरातलं, पायथन दुसऱ्या घरातला. ‘ग्नूरेडिओ-कॉन्फिग-इन्फो’ला प्रीफिक्स (इन्स्टॉलचं मूळ फोल्डर) विचारा, ‘व्हिच’ला जीआरसीचा पत्ता विचारा, आणि पायथनमध्ये ग्नूरेडिओची फाइल कुठली ते छापून बघा. उत्तरं जुळली नाहीत तर पाथ दुरुस्त करत बसू नका; एक ठेवा, बाकीची काढा. माझ्या मते नवख्याने कोंडाच्या वाटेला जाऊ नये असं काही नाही, पण गेलात तर मॉड्यूल त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये, त्याचाच प्रीफिक्स देऊन बांधायचं. पावसाळ्यात वीज जाऊन ॲप्टचं अपग्रेड अर्ध्यावर तुटलं असेल तर आधी ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ पूर्ण करून घ्या, मगच निदान.

टर्मिनलमधून उघडलं की चालतं, आयकॉनवर क्लिक केलं की नाही, ही तक्रार दोन्ही बाजूंना येते. बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहिलेला ‘पायथनपाथ’ आणि ‘जीआरसी ब्लॉक्स पाथ’ टर्मिनलपुरतेच असतात. मेनूतून सुरू केलेल्या जीआरसीला त्यांचा सहसा पत्ता नसतो. ब्लॉकचा मार्ग ग्नू रेडिओच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहावा. पायथनचा मार्ग लिहायची वेळ आलीच तर तो लॉगिनला वाचल्या जाणाऱ्या प्रोफाइल फाइलमध्ये जाऊ द्या, आणि एकदा लॉगआउट करून परत या.