नवी मांजर आणि ‘भांडून भांडून आपोआप जुळतं’

‘रस्त्यावरची मांजर आणली की सरळ घरातल्या मांजरीसमोर सोडा, दोन दिवस भांडतील आणि जुळवून घेतील,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चांगल्या मनानेच दिला जातो, पण त्याने नुकसान होऊ शकतं.

मांजर आपली जागा वासावरून ओळखते. अनोळखी मांजर अचानक समोर आली की तिला ते आक्रमण वाटतं आणि पहिलं भांडण ती सहज विसरत नाही. शिवाय खोल चाव्यातून एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, पसरतो. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तर आपल्या हातांवरून, कपड्यांवरूनही पोचतो. म्हणून आधी पशुवैद्यांकडून तपासणी आणि साधारण दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा लिटर ट्रे (शी-शूसाठीचा ट्रे). एफआयव्हीची लागण ताजी असेल तर ती चाचणीत दिसेलच असं नाही, ६० दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं.

ओळख नाकाने होऊ द्या. नवीच्या गालांवरून फिरवलेला मऊ कपडा जुनीच्या खाण्याजवळ ठेवा. हुंगून ती खात राहिली तर पुढची पायरी. फिस्कारली, कान मागे पाडले, तर कपडा लांब सरकवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, नंतर फटीतून नजरानजर. घरात कुत्रा असेल तर तो पट्ट्यात हवा आणि मांजरीला चढायला उंच जागा हवी.

भांडण थांबलं म्हणजे जुळलं का, हे घरीच तपासता येतं. एक मांजर कपाटावरून उतरत नसेल, कमी खात असेल किंवा दुसरी वाटेत बसल्यामुळे ट्रेकडे जात नसेल, तर ती दबलेली आहे. अशा वेळी पुन्हा वेगळं करून कपड्यापासून सुरुवात करा.