मठांवर बिशपची हुकमत आली कुठून?

ख्रिस्ती मठजीवनाची सुरुवात म्हटली की इजिप्तचे वाळवंट आणि गुहेतला एकटा तपस्वी आठवतो. जुन्या कागदपत्रांत मात्र मठवासी पहिल्यांदा भेटतो तो भरवस्तीत. फायूम भागातल्या करानिस गावचा इ.स. ३२४ चा एक तक्रारअर्ज पपायरसवर टिकून आहे. दोघांच्या गाईने अर्जदाराच्या शेताची नासधूस केली. तो गाय धरून गावात नेऊ लागला, तेव्हा त्या दोघांनी त्याला सोट्यांनी झोडपले. एक डीकन (चर्चमधला दुय्यम धर्मसेवक) आणि एक मठवासी मध्ये पडले म्हणून आपण वाचलो, असे तो लिहितो. हा मठवासी कोण, कसला, हे अधिकाऱ्याला समजावून सांगावे असे त्याला वाटत नाही. एव्हाना ही मंडळी गावोगावी ओळखीची झाली असणार.

त्याच सुमारास नाईलकाठी तबेन्निसीला पहिला मोठा सामुदायिक मठ उभा राहिला. संस्थापक पाखोमियस हा सक्तीच्या लष्करभरतीतून सुटलेला तरुण होता. भोवती भिंत, राहायला वेगवेगळी घरे, हाताला चटया-टोपल्या विणण्याचे काम. निरक्षराला, मनात असो वा नसो, वाचायला शिकावेच लागे. संस्थापक ३४६ मध्ये वारला तोवर पुरुषांचे नऊ आणि स्त्रियांचे दोन मठ झाले होते.

मठ वाढले तशी रोमन सरकारची अस्वस्थताही वाढली. नगरसेवेची सक्तीची कामे टाळून मठात शिरणाऱ्यांना ओढून बाहेर काढा, असा हुकूम ३७० च्या सुमारास निघाला. ३९० मध्ये मठवाशांना शहर सोडून ओसाड जागी राहायला सांगितले गेले आणि दोन वर्षांच्या आत तो कायदा मागेही घेतला गेला!

खरी गाठ बसली ती ४५१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलजवळच्या खाल्केदोन इथे भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेत. चौथा नियम असा: बिशपच्या संमतीशिवाय कोणी कुठेही मठ बांधू नये, मठवाशांनी बिशपच्या आज्ञेत राहावे, उपास-प्रार्थनेत मग्न असावे, चर्चच्या वा दुनियेच्या कारभारात ढवळाढवळ करू नये. मसुदा रोमन सम्राटाकडूनच आला होता. हा हुकूम राजाज्ञेने काढण्यापेक्षा धर्मसभेने काढलेला बरा, असे त्याचे म्हणणे. दोनच वर्षांपूर्वी एफेससच्या सभेत मठवाशांचे जथे दहशत घालून गेले होते, त्यामुळे बिशपांनाही लगाम हवाच होता. पण शिस्त हे निम्मेच कारण. मालकाच्या संमतीशिवाय गुलामाला मठात घेऊ नये, हे कलमही त्याच नियमात आहे, आणि त्याचा उपास-प्रार्थनेशी काय संबंध? ज्या चळवळीने बिशपला न विचारता शंभरेक वर्षे मठ उभारले, वाचन शिकवले, ती एका ठरावाने त्याच्या खात्यात जमा झाली.

सगळ्यांनी ते मुकाट्याने मानले नाही. पॅलेस्टाईनमधल्या मठवाशांनी, मुख्यतः सभेने ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी ठरवलेल्या धर्ममतावर चिडून, जेरुसलेमच्या बिशपला हुसकावले आणि आपल्यातलाच एक त्या गादीवर बसवला. त्याला हटवायला सैन्य लागले. इजिप्तमधले बहुसंख्य मठ तर ती सभाच नाकारून बसले.

पश्चिमेत हीच गाठ उलट दिशेने सुटली. ९१० मध्ये स्थापन झालेल्या, फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाने थेट पोपचा आसरा घेतला. पोपच्या ९९८ मधल्या सनदेनंतर मठाधिपतीने बोलावल्याशिवाय कोणत्याही बिशपला तिथे दीक्षाविधी करता येईना.