थंडीतला आणि उंचीवरचा स्टोव्ह

पारा शून्याखाली गेला तरी पेटणारा आणि नीट जळत राहणारा, ट्रेकमध्ये न्यायचा छोटा स्टोव्ह. लडाख-स्पितीकडे जाणारे बहुतेक जण उंचीची काळजी करतात, पण गॅसला मारते ती थंडी. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने गॅस उलट थोडा सहज निघतो.

सगळं अवलंबून आहे गॅसच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, काय भरलंय त्यावर. साधं ब्युटेन उणे 0.5 अंशाला उकळतं, त्याखाली ते आत नुसतं द्रव होऊन पडून राहतं. आयसोब्युटेन साधारण उणे 12, प्रोपेन उणे 42. म्हणजे निव्वळ ब्युटेनची जी नळकांडी हरिश्चंद्रगडावर मस्त चालतात तीच स्पितीत पहाटेच्या चहाला दगा देतात, म्हणून घेताना डब्यावरचं वाचा, आयसोब्युटेन-प्रोपेनच हवं. त्यातही प्रोपेन आधी उडून जातं आणि गॅस निघताना डबा स्वतःच गार पडतो, बाहेरून हिम धरतं, ज्योत बारीक होत जाते, आणि हलवून बघावं तर आत अजून डुचमळतंय! रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं आणि वापरताना कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, बराच फरक पडतो.

कडाक्याच्या थंडीत मात्र पंपाचा रॉकेल स्टोव्हच खरा, कारण त्यात दाब आपण हाताने देतो. 1892 मध्ये स्वीडनच्या लिंडक्विस्टने काढलेला प्रायमस तो हाच, नॉर्वेचा शोधप्रवासी अमुंडसेनने दक्षिण ध्रुवावर नेलेला, आणि आपल्याकडे आजीच्या स्वयंपाकघरात फरफर करणारा. काकडा पेटवून बर्नर आधी चांगला तापवा, नाहीतर भडका उडतो. बर्नरचं भोक तुंबलं तर साफ करायला पिन जवळ असू द्या.

इंधन अंदाजापेक्षा जास्त लागतं. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून 80 अंशापर्यंत तापलं असतं. शिवाय लेहला, 3500 मीटरवर, पाणी साधारण 88 अंशालाच उकळतं, त्यामुळे डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, छोटा कुकर न्याच.

बंद तंबूत स्टोव्ह अजिबात पेटवू नका, जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळतही नाही. विमानात कॅनिस्टर आणि रॉकेल दोन्ही चालत नाही, तेव्हा इंधन तिकडे पोचल्यावरच घ्यायचं.